जाहेर : तोडताना राखलेलं रान

संथाळ गावात देऊळ शोधू नका. गावाच्या कडेला सालवृक्षांची छोटी राई दिसेल, बुंध्यांशी काही दगड असतील. तेच जाहेर, किंवा जाहेरथान. आपल्या ‘जाहीर’शी या शब्दाचं नातं नाही, संथाळीत तो देवांच्या राईचंच नाव आहे.

जाहेर कोणी बांधत नाही, ते राखलं जातं. संथाळ हे रान तोडून शेत काढणारे लोक. नवं गाव वसवताना मूळ रानातली काही झाडं उभी ठेवायची, ही रीत. त्यामुळे जाहेरातला साल गावाहून थोरला असतो. ओळीत उभे असलेले तीन साल जाहेर एरा, मोरेको आणि मारांग बुरू या देवांचे. गोसाईं एराला मोहाचं झाड. जाहेर एरा म्हणजे राईची मालकीण, मारांग बुरू म्हणजे मोठा डोंगर. याच मारांग बुरूनं पिलचू हाडाम आणि पिलचू बुढी या पहिल्या जोडप्याला हंडिया ही तांदळाची दारू करायला शिकवली, असं परंपरा सांगते. कोलेआन नावाच्या संथाळ गुरूच्या तोंडून ही परंपरा स्क्रेफ्सरूड या नॉर्वेजियन मिशनऱ्यानं उतरवून घेतली. १८८७ साली ती संथाळीत छापली गेली. धर्मांतर करायला आलेल्या माणसाच्या हातून जुना धर्म कागदावर टिकला, हे मला फार मोलाचं वाटतं.

राजमहल डोंगरांच्या पायथ्याशी इंग्रजांनी १८३२च्या सुमारास दामिन-इ-कोह या प्रदेशाची हद्द आखली आणि संथाळांना तिथे वसवलं. १८३८ मध्ये त्यांची ४० गावं होती, १८५१ पर्यंत १,४७३ झाली. एवढी गावं म्हणजे केवढं रान पडलं असेल! तरी रीतीप्रमाणे गावागणिक थोडं रान देवांसाठी उभं राहिलं. पुढे सावकारांनी आणि जमीनदारांनी तीच जमीन गिळायला घेतली, तेव्हा ३० जून १८५५ रोजी भोगनाडीह गावी हूल, म्हणजे उठाव, पुकारला गेला. ठाकुरानं, म्हणजे सर्वांत थोर देवानंच, आपल्याला दर्शन देऊन आज्ञा केली, असं उठावाचे म्होरके सिदो-कान्हू यांनी सांगितलं होतं.

२०११च्या जनगणनेत ४९ लाखांहून अधिक लोकांनी, संथाळांसह इतर आदिवासींनीही, धर्म म्हणून ‘सरना’, म्हणजे अशाच देवांच्या राईचं नाव, लिहिलं. त्याला स्वतंत्र रकाना नव्हता. ‘इतर’मध्येच तो मोजला गेला. झारखंड विधानसभेनं नोव्हेंबर २०२० मध्ये स्वतंत्र नोंदीचा ठराव केला. ही मागणी रास्तच आहे. आपल्याकडच्या देवराया जपणाऱ्यांना तरी ती वेगळी समजावून सांगायला नको.

जाहेरात फाल्गुनात बाहा हा सण येतो. अंगात आलेली जाहेर एरा टोपली-झाडू मागते, मोरेको धनुष्यबाण, मारांग बुरू कुऱ्हाड. मग नायके, म्हणजे गावाचा पुजारी, सालाची फुलं घेऊन घरोघर जातो. बाया त्याचे पाय धुतात, फुलं पदरात घेतात. त्याआधी बाया सालाचं फूल केसांत माळत नाहीत.