मध्यार्जुनची दीपलक्ष्मी आणि शर्यतीचे इंजिन

कुंभकोणच्या पूर्वेस तिरुविडैमरुदूर हे क्षेत्र आहे. त्याचेच दुसरे नाव मध्यार्जुन. इ. स. १७९८ मध्ये इंग्रजांनी तंजावरच्या गादीवरून दूर केलेले अमरसिंह राजे येथेच येऊन राहिले. येथील महालिंगस्वामींच्या मंदिरात हाती दिवा घेतलेली धातूची स्त्रीमूर्ती आहे. आपल्याच कुळातील प्रतापसिंहांशी विवाह व्हावा म्हणून अम्मणी नावाच्या राजकन्येने लक्ष दीपांचा नवस केला आणि तो फेडताना १८५३ मध्ये ही दीपलक्ष्मी वाहिली. दर्शनास येणारा अम्मणीचे नाव घेऊन जातो. मूर्ती ओतणाऱ्या हाताची विचारपूस क्वचितच होते.

मोटारशर्यतीच्या इंजिनाचे सुटे भाग पाहताना मला ही मूर्ती आठवते. दूरदेशी वाढलेल्या आपल्या मुलांना ह्या शर्यतींचे वेड असते. मूळ कंपनीचा क्रँकशाफ्ट काढून अधिक मजबूत असा बाहेरचा बसवितात. पेटीवर एखादे ख्यातनाम नाव असते. हे पोलाद त्याच नावाच्या कारखान्यात तापले, असे मुलांस वाटते. बहुधा तसे नसते. घडाईचे दाबयंत्र, साचे, भट्टी यांचा खर्च लहान कारखान्यास झेपत नाही. तो कच्चा घडीव तुकडा दुसऱ्याकडून आणतो. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या स्वस्त क्रँकशाफ्टांचे कित्येक तुकडे चीनमध्ये घडलेले असतात. पुढे कातकाम, उष्णतासंस्कार, घासणी, तोल साधणे हे सोपस्कार होतात.

ह्यास फसवणूक म्हणावे काय? मला तसे वाटत नाही. मिनिटाला आठ-नऊ हजार फेरे घेणाऱ्या दांड्याचे आयुष्य त्या घासणीवर आणि तपासणीवरही अवलंबून असते. मात्र घडविणाऱ्याचे गाव लपविणे मला खटकते, कारण त्या लपलेल्या गावांत आपलीही गावे आहेत. नीळकंठराव कल्याणी यांनी १९६१ मध्ये स्थापिलेल्या पुण्याच्या भारत फोर्जचे क्रँकशाफ्ट जगभरच्या मोटार-कंपन्यांकडे जातात. गाडीवर नाव अर्थातच त्या कंपनीचे. शेतीच्या तेल-इंजिनांवर हात बसलेल्या कोल्हापूरच्या ओतशाळांची कथाही निराळी नाही.

तमिळनाडूतच पाहा. कोइमतूरचे एस. करिवर्धन यांनी ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस घरगुती मारुती ८०० चे इंजिन घेऊन शर्यतीची मोटार उभी केली. ज्या इंजिनाने बाजारहाट करावयाचा, त्याच इंजिनावर कित्येक तरुण चालक तयार झाले. करिवर्धन १९९५ मध्ये विमान-अपघातात गेले. तेथील धावपट्टी त्यांचे नाव सांगते.

आता पुन्हा कुंभकोणकडे वळू. गावाच्या पश्चिमेस स्वामिमलै येथे स्थपती आजही मेणाची मूर्ती करतात, तिच्यावर कावेरीच्या गाळाचे लेप चढवितात, मेण वितळवून काढतात आणि त्या पोकळीत धातू ओततात. कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराच्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात, म्हणजे बाराव्या शतकात, ही कृती वर्णिली आहे. टर्बोचार्जरमध्ये तप्त धुराच्या झोताने गरगरणारे पंख्याचे चाक ह्याच रीतीने होते. फरक इतकाच, की गाळाऐवजी चिनीमातीसारख्या पदार्थाचे कवच, पंचधातूऐवजी नऊशे अंशांच्या आसपासची आच सोसणारा निकेलचा मिश्रधातू, आणि ओतकाम निर्वात कोठीत. शेवटी साचा दोन्हीकडे फोडावाच लागतो. स्वामिमलैत तो हातोडीने फोडतात आणि मातीची ढेकळे अंगणात पडतात.