‘वाटा’ : एका शब्दाचा सुरतेतील इतिहास

‘सहभागिता’ हा शब्द आपण उपासनेत नित्य वापरतो; परंतु श्रोत्यांच्या मनात त्याचा अर्थ बहुधा ‘हजर राहणे’ एवढाच उरतो. समारंभात सहभागी होणाऱ्याचे पदरचे काही जात नाही. म्हणून ‘वाटा’ या घरगुती शब्दाकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो.

संस्कृत ‘वण्ट’ म्हणजे भाग. त्यापासून मराठीत ‘वाटा’ व गुजरातीत ‘वांटो’ आला. गुजरातच्या सुलतानांच्या काळी जुन्या जमीनदारांकडे राहू दिलेल्या चौथ्या हिश्श्याच्या जमिनीस हेच नाव होते. उरलेले तीन हिस्से सरकारचे. पुढे मराठ्यांची चौथाई आली, तीही नावाप्रमाणे चौथा हिस्साच. अठराव्या शतकात सुरतेच्या चौथाईत पेशवे व गायकवाड हे दोघे वाटेकरी होते. १८०० साली इंग्रजांनी शहराचा कारभार नबाबाकडून आपल्याकडे घेतला आणि ३१ डिसेंबर १८०२ च्या वसईच्या तहाने पेशव्यांनी सुरतेवरील आपले हक्क सोडून दिले. सत्तेच्या बळावर घेतलेला वाटा सत्तेबरोबरच गेला.

त्याच शहराच्या इतिहासात वाट्याची दुसरी बाजूही आढळते. जानेवारी १६६४ मध्ये शिवाजी महाराजांनी सुरत लुटली, तेव्हा कापुचिन धर्मगुरू फादर अँब्रोज यांच्या निवासास धक्का लागला नाही, असे फ्रेंच प्रवासी बर्निये याने लिहून ठेवले आहे. त्याच्याच नोंदीप्रमाणे डचांच्या एका दिवंगत हिंदू दलालाचे घरही वगळण्यात आले. कारण तो हयातीत मोठा दानशूर होता, असे महाराजांना समजले होते. त्याने गोरगरिबांस दिलेला वाटा त्याच्या पश्चात त्याच्या घराच्या कामी आला.

एक वाटा हक्काने घ्यावयाचा, दुसरा स्वतःच्या हाताने काढून द्यावयाचा. नव्या करारातील ‘कोइनोनिया’ या ग्रीक शब्दात दोन्ही सामावतात. लूककृत शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात याकोब व योहान यांना शिमोनाचे भागीदार म्हटले आहे, तो शब्द याच कुळातला. मासळीत त्यांचा हक्क होता, आणि जाळी फाटू लागताच होडी घेऊन धावून येणेही त्यांच्याकडे होते.

आपल्या मासळीबाजारात आजही मासळीचे ‘वाटे’ लावतात. धर्मशिक्षकांनी सहभागिता शिकविताना तेथून आरंभ करावा. वाटा काढला की आपला ढीग तेवढा कमी होतो, हे तेथे मुलालाही दिसते.