बेसबॉलच्या आकड्यांचं क्रिकेटी कूळ

आमच्या राजेश्वरला, बसवकल्याण तालुक्यात, बेसबॉल कुणी खेळत नाही. तरी मोबाइलवर एखाद्या अमेरिकन खेळाडूचं आकड्यांचं पान उघडलं, तर क्रिकेटचे धावफलक वाचत वाढलेल्या माणसाला ते परकं वाटत नाही. गावसकरांची कसोटीतली ओळ बघा: १२५ सामने, २१४ डाव, १६ वेळा नाबाद, १०,१२२ धावा, सरासरी ५१.१२. आता टेड विल्यम्सचं १९४१ साल: ४५६ ‘अ‍ॅट बॅट’, १८५ हिट, सरासरी .४०६. आधी संधी, मग कमाई, शेवटी भागाकार. हे साम्य योगायोगाचं नाही. दुसरी ओळ पहिलीच्याच पोटची आहे.

दुवा हेन्री चॅडविकचा. जन्म १८२४, इंग्लंडमधलं एक्झिटर. पोरवयात ब्रुकलिनला आला आणि पुढे वृत्तपत्रांसाठी क्रिकेटच्या बातम्या लिहू लागला. मग बेसबॉलने त्याला झपाटलं. १८५९ मध्ये त्याने क्रिकेटच्या फलकावर बेतलेला ‘बॉक्स स्कोअर’ छापला. त्याचा थोरला सावत्र भाऊ एडविन चॅडविक म्हणजे १८४२ मध्ये इंग्लंडच्या कष्टकऱ्यांच्या आरोग्यावरचा गाजलेला अहवाल लिहिणारा. मोजदादीचं वेड घरातलंच असणार.

यावर आक्षेप येतो तो १८४५ चा. त्या ऑक्टोबरात ‘न्यूयॉर्क मॉर्निंग न्यूज’ने बेसबॉलचा फलक छापला होता, मग चॅडविक पहिला कसा? नसेना का पहिला. त्या फलकात खेळाडूच्या नावापुढे दोनच रकाने होते: किती वेळा बाद आणि किती धावा. क्रिकेट माहीत असलेल्या माणसाशिवाय असा फलक कोण आखणार? या आक्षेपाने चॅडविकचा मान थोडा कमी होतो, पण क्रिकेटचं कूळ चौदा वर्षं मागे जाऊन आणखी पक्कं होतं.

खरा पुरावा मात्र फलकात जे नाही त्यात आहे. विल्यम्स त्या वर्षी ६०६ वेळा बॅट घेऊन उभा राहिला. त्यातले ४५६ प्रसंगच सरासरीत धरले. तीनदा चेंडू अंगावर बसला, आणि उरलेले १४७ ‘वॉक’, म्हणजे चार चेंडू बाहेर पडल्याने पहिल्या बेसवर फुकट प्रवेश. बेसवर तर तो पोचला, मग श्रेय का नाही? एक प्रचलित मत असं की क्रिकेटात वॉक हा प्रकारच नाही, म्हणून चॅडविकच्या हिशेबात तो बसला नाही. मला हे अर्धवट वाटतं. वॉक नसेल, पण वाइड आहे! वाइडची धाव संघाला मिळते आणि अवांतरात जाते. फलंदाजाच्या खात्यात एक दमडी पडत नाही, कारण चूक गोलंदाजाची. चॅडविकही वॉककडे चेंडू टाकणाऱ्याचा दोष म्हणूनच बघायचा. माझ्या मते वाइडचा न्याय त्याने वॉकला लावला, आणि एवढ्या एका सवयीने पुढचं शतकभर चांगल्या नजरेच्या फलंदाजांची किंमत कमी लागली.

उलटा प्रयोग एकदा झाला. १८८७ च्या हंगामात वॉकही हिट म्हणून धरला आणि टिप ओनीलची सरासरी .४९२ वर गेली. पुढच्याच वर्षी नियम मागे घेतला. आज त्याच हंगामाची त्याची सरासरी .४३५ लावतात.

वॉकला अधिकृत जागा मिळाली १९८४ मध्ये, जेव्हा ‘ऑन-बेस पर्सेंटेज’ मेजर लीगच्या आकड्यांत आलं. २००२ मध्ये तुटपुंज्या पैशांतल्या ओकलंड संघाने याच रकान्यावर भिस्त ठेवून स्वस्तात खेळाडू जमवले आणि १०३ सामने जिंकले. त्यामुळे कुणाचंही पान उघडलं की सरासरीवर न थांबता ‘ओबीपी’ लिहिलेल्या रकान्यापर्यंत जावं. विल्यम्सच्या १९४१ च्या ओळीत तिथे .५५३ आहे: निम्म्याहून अधिक वेळा तो बेसवर पोचला होता.