परातीतला समुद्र

यंदा आमच्या अंगणातल्या दिवाळीच्या किल्ल्यात सिंधुदुर्गाची पाळी आली. नातवाने मोठी परात पाण्याने भरली, मधोमध मातीचा तट उभारला आणि समुद्राच्या तळाशी ठेवण्यासाठी माझ्या कपाटातला एक पांढरा, भोकाभोकांचा दगड पळवला. थोरल्या काकांनी माझ्या लहानपणी तो मालवणच्या किनाऱ्यावरून आणला होता. दगड पाण्यात सोडता सोडता स्वारीने विचारले, "आजोबा, हा दगड जिवंत होता म्हणे. खरं व्हय?"

"खरं," मी म्हणालो. पण तेवढ्याने भागले नाही. सारी बखरच सांगावी लागली.

आम्हां कोल्हापूरकरांना पोवळे ठाऊक ते गुजरीतले. लाल मणी, नाहीतर अंगठीतला मंगळाचा खडा. ते लाल पोवळे भूमध्य समुद्रातले. काकांचा पांढरा दगड त्याचा दूरचा भाऊबंद. पोवळे ही समुद्रातली वनस्पती, असेच शतकानुशतके शहाणी माणसेसुद्धा मानीत. पेसोनेल नावाच्या एका फ्रेंच वैद्याने १७२० नंतरच्या दशकात जिवंत पोवळ्याच्या फांद्या समुद्राच्या पाण्यात ठेवून न्याहाळल्या. ज्यांना फुले म्हणत ती हात लागताच मिटत. 'हे प्राणी आहेत,' असे त्याने कळवले. पॅरिसच्या विद्वानांना ते इतके हास्यास्पद वाटले की, रेओम्यूर या शास्त्रज्ञाने ते मत मांडताना, बिचाऱ्याची अब्रू जाऊ नये म्हणून, त्याचे नावच झाकून ठेवले! पुढे बरोबर ठरला तो वैद्यच.

१८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लोकांसाठी मत्स्यालय उघडले. काचेमागे मासा पोहू लागला. पण प्रवाळाचा आख्खा खडक काचेमागे जगवणे सोपे नव्हते. खडक बांधणाऱ्या बहुतेक प्रवाळांच्या अंगात सूक्ष्म शेवाळ बिऱ्हाड करून असते. ते सूर्यप्रकाशावर अन्न तयार करते आणि त्यातला मोठा वाटा घरमालकाला देते. म्हणजे ऊन हवे, पाणी स्वच्छ आणि हलते हवे, ऊबही बेताची हवी. पाणी थोडे अधिक तापून तसेच राहिले की भाडेकरू घर सोडतो. प्रवाळ पांढरे पडते आणि लवकर सावरले नाही तर उपाशी मरते. १९५६ साली पॅसिफिक महासागरातील नुमेआ येथे डॉ. काताला यांनी जिवंत प्रवाळांचे मत्स्यालय काढले, आणि १९८७ साली ऑस्ट्रेलियात टाउन्सव्हिल येथे पंचवीस लाख लिटरांच्या, आकाशाखाली उघड्या टाकीत प्रवाळाचा खडकच वसवला गेला.

आपल्याकडे १९५१ साली मुंबईला तारापोरवाला मत्स्यालयाचे उद्घाटन राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते झाले. मुंबईस गेलेला पाहुणा राणीची बाग आणि हे मत्स्यालय पाहिल्यावाचून परतत नसे. २०२० च्या साथीत त्याची दारे मिटली.

"मग आता जिवंत पोवळं बघायचं कुठं?" नातवाने रास्त प्रश्न केला.

मी परातीकडे बोट दाखवले. शिवछत्रपतींनी १६६४ साली कुरटे बेटावर सिंधुदुर्ग बांधावयास घेतला. पुढे हा किल्ला कोल्हापूरच्या गादीकडे आला. १७६५ साली, जिजाबाई राणीसाहेब कारभार पाहत असताना, इंग्रजांनी तो घेऊन त्याचे 'फोर्ट ऑगस्टस' असे बारसेही केले. पण वर्षभरात पैसे घेऊन परत दिला. १८१२ च्या तहाने मात्र मालवण कोल्हापूरच्या हातून कायमचे गेले. तहाच्या कागदावर तट आला, बंदर आले. तटाखालच्या पाण्यात एक जिवंत वस्ती आहे, ही गोष्ट कोणाच्या हिशेबात नव्हती.

ती हिशेबात आली १९८७ साली. टाउन्सव्हिलला टाकी उघडली त्याच वर्षी मालवणचा समुद्र अभयारण्य म्हणून जाहीर झाला. तिकडे समुद्र काचेत आणला. इकडे समुद्रालाच कायद्याचे कुंपण घातले. २००१ पासून तर खडक बांधणाऱ्या प्रवाळांना वाघाच्या बरोबरीने कायद्याचे संरक्षण आहे. पण टाकीजवळ पाण्याची ऊब मोजणारा राखणदार बसतो. उघड्या समुद्राला तो कोठून आणायचा? तिथे होडीचा नांगर पडतो, पाहुण्याचा पाय पडतो, आणि उन्हाळ्यात पाणी तापून प्रवाळ पांढरे पडल्याच्या नोंदीही शास्त्रज्ञांनी केल्या आहेत.

नातू बराच वेळ गप्प होता. मग हळूच म्हणाला, "म्हणजे काकाआजोबांनी चोरी केली?"

"तेव्हा आम्हांला तो दगडच वाटे, बाळा."

दिवाळी सरली की गगनबावड्याचा घाट उतरून मालवणला जायचे ठरले आहे. एक अट त्यानेच घातली आहे: बघायचे, पण पाय टेकायचा नाही, आणि येताना काहीही उचलून आणायचे नाही.