विपश्यना : डोंबिवली-कल्याण परिसरातील सुरुवात

श्वास आणि अंगावरच्या संवेदना जशा आहेत तशा पाहण्याची बौद्ध ध्यानपद्धती. मंडालेत जन्मलेले सत्यनारायण गोएंका (१९२४-२०१३) ती ब्रह्मदेशात सयाजी ऊ बा खिन यांच्याकडून शिकले आणि १९६९ मध्ये त्यांनी मुंबईत पहिले शिबिर घेतले. इगतपुरीचे ‘धम्मगिरी’ १९७६ पासूनचे. डोंबिवलीकरांना त्याहून जवळचे केंद्र म्हणजे टिटवाळ्याजवळ रुंदे गावातले ‘धम्म वाहिनी’; कसारा लोकल पकडली की तिथवर जाता येते.

या भागाचा बुद्धाशी संबंध जुना आहे. कान्हेरीच्या शिलालेखांत कल्याणच्या दात्यांचे उल्लेख आढळतात. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर त्रिशरण-पंचशील येथल्या असंख्य घरांत रोजच्या वंदनेचा भाग झाले. शिबिराची सुरुवातही त्यानेच होते, त्यामुळे या घरांतून आलेल्या साधकाला पहिली संध्याकाळ परकी वाटत नाही. प्रवेश मात्र सर्व धर्मांच्या लोकांना आहे.

नवख्याने दहा दिवसांच्या शिबिरापासून सुरुवात करावी, अशी या परंपरेची रीत आहे. मोबाइल, वही, पुस्तक जमा करायचे आणि आर्य मौन पाळायचे. पहाटे चारला घंटा होते, साडेचारला बैठक सुरू होते, दुपारचे जेवण अकराला. संध्याकाळी चहा आणि फळे मिळतात. रात्रीचे जेवण नाही. पहिले तीन दिवस केवळ आनापान : नाकपुड्यांपाशी येणारा-जाणारा श्वास पाहायचा. मोजायचा नाही, लांबवायचा नाही, नामजप जोडायचा नाही. मन पळाले की चिडचिड न करता परत आणायचे. सारी मेहनत या परत आणण्यात आहे. चौथ्या दिवशी विपश्यना दिली जाते. डोक्यापासून पायापर्यंत लक्ष फिरवत कुठे मुंग्या, कुठे ठणका, कुठे ऊब, ते पाहायचे. पुढे अधिष्ठानाच्या, म्हणजे न हलता बसण्याच्या, तासाला मांडी मोडायची नाही. गुडघा पेटतो, आणि वेदना एकसारखी राहत नाही हे त्याच तासात कळते. दहाव्या दिवशी मंगल मैत्री, म्हणजे सर्वांच्या भल्याची भावना करणे, शिकवतात आणि मौन सुटते.

शुल्क नसते, शिबिर पूर्ण केलेल्यांकडूनच दान घेतले जाते. गंभीर मानसिक आजार असल्यास अर्जात तो लपवू नये आणि डॉक्टरांशी बोलल्याशिवाय औषधे थांबवू नयेत. अशा वेळी प्रवेश नाकारला गेला तर त्यात साधकाचेच हित आहे.

खरी कसोटी घरी परतल्यावर लागते. सकाळ-संध्याकाळ एकेक तास बसावे असे सांगितले जाते. सकाळची लोकल गाठणाऱ्याला त्यासाठी झोपेतून वेळ काढावा लागतो आणि अनेकांची साधना इथेच सुटते. गाडीत उभ्याने श्वासाकडे लक्ष देणे उपयोगी आहे, पण त्याने बैठकीची जागा भरून निघत नाही. जवळपासच्या जुन्या साधकांबरोबर आठवड्यातून एकदा सामूहिक साधनेला बसल्याने नियम टिकायला मोठी मदत होते. गोराईच्या ग्लोबल विपश्यना पॅगोडात (२००९) होणारी एक दिवसाची शिबिरे दहा दिवस पूर्ण केलेल्यांसाठी असतात.