चांगदेवांचं कोरं पत्र आणि ब्राउझरमधला वाघ

पुणतांबा म्हटलं की कुणाला शेतकरी संप आठवतो, कुणाला गोदाकाठची चांगदेवांची समाधी. मी सध्या याच चांगदेवांच्या वाघाचा एक छोटा एआर डेमो बनवतोय. लिंक उघडायची, कॅमेऱ्यासमोर कागद धरायचा, की स्क्रीनवर त्या कागदावर वाघ उभा. ॲप वगैरे काही नाही.

कथा माहीत असेलच. ज्ञानेश्वरांना मायना काय लिहावा कळेना, म्हणून चांगदेवांनी कोरंच पत्र धाडलं. चौदाशे वर्षं जगून हा कोराच राहिला, असं मुक्ताबाई म्हणाल्या म्हणे! कॅमेराही तसाच. कोऱ्या कागदातून त्याला काही उमगत नाही. त्याला जाड काळी चौकट लागते, आत एखादी खूण लागते. प्रोग्राम प्रत्येक फ्रेम काळी-पांढरी करतो, चौकट शोधतो, तिचे चार कोपरे पकडतो. चौकट किती तिरकी, किती लहान दिसतेय यावरून कागद कुठे आणि कसा धरलाय ते काढतो. मग वाघ त्याच कोनात रेखाटतो.

ही युक्ती जपानच्या हिरोकाझु काटो यांच्या एआरटूलकिटची, साल १९९९. कोड खुला होता, आणि पुढचं सगळं त्यामुळेच घडलं. जपानी प्रोग्रामरांनी तो आधी जावात नेला, मग २००८ च्या सुमारास फ्लॅशमध्ये. २००९ ला जनरल इलेक्ट्रिकने छापील कागदावर पवनचक्क्या फिरवून दाखवल्या आणि लोक वेबकॅमपुढे कागद नाचवू लागले. पण फ्लॅश म्हणजे दुसऱ्याच्या घरातलं भाडं. २०२० संपताना ते घरही बंद झालं.

त्याआधीच, २०१२ मध्ये, क्रोमने ब्राउझरला थेट कॅमेरा मागायची सोय दिली होती. तरी गावातल्या पोरांना उपयोग काय? लॅपटॉप कुणाकडे होता? माझ्या मते खरं वळण २०१७ चं. जूनमध्ये पुणतांब्यातून संप पेटला, त्याच वर्षी जेरोम एटिएन यांचं एआर.जेएस आलं आणि सप्टेंबरमध्ये आयफोनच्या सफारीनेही कॅमेरा खुला केला. जिओ येऊन तेव्हा वर्ष झालं होतं. दहाएक ओळींचं एचटीएमएल, खिशातला फोन, बस्स.

करून बघणाऱ्यांसाठी एक गोम. स्वतःच्या लॅपटॉपवर, लोकलहोस्टवर डेमो चालेल. तीच लिंक वायफायवरून फोनवर उघडली तर कॅमेरा मिळणारच नाही. पत्ता एचटीटीपीएसचा लागतो. कुणी परक्याने गुपचूप कॅमेरा बघू नये म्हणून ही अट, आणि ती योग्यच आहे.

आणि मार्कर झेरॉक्सच्या दुकानातून आणाल तेव्हा काळ्या चौकटीबाहेरची पांढरी कड कापू नका. लॅमिनेशनही नको. ट्यूबलाइट त्यावर चमकली की वाघ गायब.