उन्हातली क्रिटेरियम शर्यत : ट्रलीतल्या मराठी सायकलस्वार महिलांसाठी माहिती

मंडळी, ट्रलीत "उन्हाळा" हा शब्द आपण जरा हसतच वापरतो. जुलैत दुपारचं तापमान १८-१९ अंश असतं आणि अंगावरचं जॅकेट उतरलं की आपल्याला सण वाटतो. त्यामुळे इथे उन्हात सायकल शर्यत लावणाऱ्या मुलीला घरून हमखास एकच वाक्य ऐकायला मिळतं : "अगं, आपण नागपूरचा मे महिना काढलेली माणसं, हे कसलं ऊन!" हे वाक्य प्रेमाचं असलं तरी चुकीचं आहे, आणि कधीकधी धोक्याचंही. ते का, आणि हौशी सायकलस्वार महिलेने गरम दिवशी क्रिटेरियम शर्यतीला उतरताना काय काय लक्षात ठेवावं, ही माहिती इथे एकत्र देत आहोत. शर्यत बघायला उभ्या राहणाऱ्या घरच्या मंडळींनीही शेवटपर्यंत जरूर वाचावी.

क्रिटेरियम म्हणजे काय?

वाहतूक बंद केलेल्या, साधारण एक ते दोन किलोमीटरच्या छोट्या वर्तुळावर पुन्हा पुन्हा फेऱ्या मारायच्या, ती क्रिटेरियम. अंतरापेक्षा वेळ ठरवलेली असते, उदाहरणार्थ "४० मिनिटं अधिक ३ फेऱ्या". शेवटच्या फेरीला घंटा वाजते. मधल्या काही फेऱ्यांना छोटी बक्षिसं असतात, त्यांना "प्रीम" म्हणतात. फार मागे पडलेल्या स्पर्धकांना पंच बाहेर काढतात. पंक्चर झालं किंवा पडल्या तर बहुतेक ठिकाणी एक फेरी माफ मिळते, शेवटच्या काही फेऱ्या मात्र सोडून.

हा प्रकार अमेरिकेत फार लोकप्रिय आहे. ओक्लाहोमातल्या टल्सा शहरात २००६ पासून जूनच्या कडक उन्हात अशी शर्यतमालिका भरते. आयर्लंडमध्ये डब्लिनच्या कोर्काघ पार्कमध्ये बंदिस्त सायकल मार्ग आहे. महिलांची "रॉस ना मॉन" (आयरिश भाषेत रॉस म्हणजे शर्यत, ना मॉन म्हणजे बायकांची) ही अनेक दिवसांची शर्यत २००६ साली सुरू झाली. २०१० च्या दशकात अनेक वर्षं तिचा शेवटचा टप्पा किलकेनीत, किल्ल्याशेजारच्या रस्त्यांवर क्रिटेरियम म्हणून होत असे.

केरी आणि सायकल

आपण राहतो तो केरी परगणा सायकलवेड्यांचाच. आयर्लंडची प्रसिद्ध "रॉस टॅल्टन" शर्यत १९५३ साली सुरू झाली. ती १९५५ साली किलॉर्ग्लिनच्या जीन मँगन यांनी, १९५६ साली लिस्पोलच्या पॉडी फिट्झजेराल्ड यांनी आणि १९५८ साली काहरसिव्हीनच्या मिक मर्फी यांनी जिंकली. किलार्नीहून निघणारी रिंग ऑफ केरी ही १७० किलोमीटरची धर्मादाय सायकलफेरी १९८४ पासून चालू आहे. पाय मोकळे करायला ट्रलीहून फेनिटपर्यंतचा हरित मार्ग आहे, आणि चढ हवा असेल तर डिंगलच्या वाटेवर कॉनर पास आहेच.

आपल्या मराठी मुलीही यात मागे नाहीत. पुण्याच्या वेदांगी कुलकर्णी हिने इंग्लंडमध्ये शिकत असताना २०१८ साली सायकलवरून सुमारे २९,००० किलोमीटरची जगप्रदक्षिणा केली. पुण्याच्याच प्रीती मस्के यांनी जून २०२२ मध्ये लेह ते मनाली हे ४३० किलोमीटरचं अंतर ५५ तास १३ मिनिटांत पार केलं. त्या धीराच्या लांब पल्ल्याच्या गोष्टी. क्रिटेरियम अगदी उलट : थोडा वेळ, पण श्वास घ्यायला उसंत नाही.

त्या चाळीस मिनिटांत काय होतं?

समजा वर्तुळ १.२ किलोमीटरचं, चार वळणं, आणि सरासरी वेग ताशी ३६ किलोमीटर. चाळीस मिनिटांत २० फेऱ्या, म्हणजे ८० वळणं. प्रत्येक वळणाआधी वेग कमी आणि नंतर जोर लावून पुन्हा वाढवायचा. घोळक्याच्या पुढच्या भागात ब्रेक कमी लागतात. शेपटाला असणारीला जास्त ब्रेक दाबावा लागतो आणि बाहेर पडताना सुटलेलं अंतर जिवाच्या आकांताने भरून काढावं लागतं. नवख्या स्पर्धक घाबरून मागे राहतात आणि नेमकं तिथेच जास्त दमतात.

आता यात ऊन घाला. पायडलवर जी ताकद पोचते ती शरीराने खर्च केलेल्या ऊर्जेच्या जेमतेम पाचवा हिस्सा असते, बाकीची उष्णता होते. २०० वॅट लावणारीच्या अंगात साधारण ७५० वॅट उष्णता तयार होते, म्हणजे एक छोटा हीटर पोटात लावल्यासारखं. ती बाहेर टाकण्याचा मुख्य मार्ग घाम, आणि तोही वाळला तरच. तासाभराची ही उष्णता घालवायला लिटरभराहून थोडा जास्त घाम पूर्ण वाळावा लागतो. समुद्राकाठच्या दमट हवेत तो वाळण्याऐवजी नुसता ठिबकतो. घोळक्यात दुसरीच्या आडोशाने श्रम वाचतात, पण अंगाला वाराही कमी लागतो. शिवाय वळणांच्या गर्दीत हँडलवरून हात काढून बाटली तोंडाला लावायला सरळ रस्ता मिळतो तो काही सेकंदांचाच. शर्यत संपून सायकल थांबली की वारा एकदम बंद होतो. उष्णता मात्र अंगातच असते, म्हणून चक्कर बहुतेक वेळा तिथे येते.

नागपूरची सवय कुठे गेली?

उन्हाची सवय ही रक्तात किंवा गावात नसते. रोज उष्णतेत श्रम केले तर साधारण ७ ते १४ दिवसांत शरीर बदलतं : रक्तातला द्रव वाढतो, घाम लवकर सुटतो, घामातलं मीठ कमी होतं. पण उष्णता मिळेनाशी झाली की हीच सवय तीन-चार आठवड्यांत बरीचशी उतरते. मे महिन्यात माहेरी जाऊन आलेलीला जूनच्या सुरुवातीला थोडा फायदा असेल, ऑगस्टपर्यंत तो राहात नाही. पाच वर्षं ट्रलीत राहिलेली वैदर्भीय मुलगी आणि इथेच जन्मलेली आयरिश मुलगी, दोघी उन्हाच्या बाबतीत जवळपास सारख्याच कच्च्या. बालपणाची आठवण मनाला धीर देते, शरीराला नाही.

आणि इथेही ऊन पडतं बरं का. आयरिश हवामान खातं सलग पाच दिवस २५ अंशांच्या वर पारा गेला की उष्णतेची लाट म्हणतं. २८ जून २०१८ रोजी शॅनन विमानतळावर ३२ अंश आणि १८ जुलै २०२२ रोजी डब्लिनच्या फीनिक्स पार्कमध्ये ३३ अंश नोंदले गेले. असा दिवस आदल्या आठवड्यातल्या १७ अंशांनंतर अचानक येतो, हीच खरी अडचण.

शर्यतीआधीची तयारी

१. सवय घरीच लावा. वेल्समधल्या बँगर विद्यापीठाच्या एका अभ्यासात व्यायामानंतर सलग सहा दिवस ४० अंशांच्या पाण्यात ४० मिनिटांपर्यंत बसल्याने उष्णता सोसण्याची क्षमता वाढलेली दिसली. तो अभ्यास पुरुषांवर होता, म्हणून बायकांनी १०-१५ मिनिटांपासून सुरुवात करावी. घरात कोणी असतानाच बसावं आणि उठताना सावकाश उठावं. गर्भवतींनी व रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असणाऱ्यांनी हा उपाय करू नये.

२. सरावाआधी आणि नंतर वजन करा. प्रत्येक किलो घट म्हणजे साधारण एक लिटर पाणी. स्वतःचा आकडा कळला की अंदाजपंचे पिणं थांबतं.

३. पाणी हवं, पण अती नको. ४०-५० मिनिटांच्या शर्यतीला अर्धा-पाऊण लिटरची थंड बाटली पुरते. नुसतं पाणी ढोसल्याने रक्तातलं सोडियम घसरू शकतं. बोस्टन मॅरेथॉनच्या ४८८ धावपटूंच्या तपासणीत १३ टक्के जणांत ते कमी आढळलं होतं. चिमूटभर मीठ घातलेलं लिंबू सरबत किंवा कोकम सरबत उत्तम.

४. आधीच गार व्हा. शर्यतीपूर्वी अर्ध्या तासात बर्फाचा चुरा घातलेलं सरबत घोट घोट घ्या. जुन्या पातळ मोज्यात बर्फ भरून मानेमागे जर्सीत ठेवण्याची युक्तीही अनेकजणी वापरतात. अंग गरम करण्याचा सराव सावलीत आणि थोडक्यात उरका.

५. घोळक्याच्या पुढच्या तिसऱ्या भागात राहा. हा डावपेच तर आहेच, पण उन्हात तो तब्येतीचा उपायही आहे.

बायकांसाठी खास

पाळीच्या चक्राच्या दुसऱ्या पंधरवड्यात शरीराचं तापमान मुळातच साधारण ०.३ ते ०.५ अंश जास्त असतं. त्या दिवसांत शर्यत सोडायला हवी असं नाही, पण गार होण्याची तयारी जास्त हवी. दुसरी गोष्ट रक्तक्षयाची. भारताच्या २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के महिलांत तो आढळला. रक्त कमी असेल तर हृदयाला आधीच जास्त धावावं लागतं, उन्हात त्यात भर पडते. मोसमाआधी आपल्या डॉक्टरांकडून हिमोग्लोबिन आणि लोह तपासून घ्यावं, विशेषतः शाकाहारी मैत्रिणींनी. आणि उपवासाच्या दिवशी शर्यत नको, ही विनंती.

घरच्यांनी काय बघावं?

१९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये महिलांची रस्त्यावरची सायकल शर्यत पहिल्यांदा झाली. अमेरिकेच्या कॉनी कार्पेंटर-फिनी यांनी ती जिंकली. त्याच ऑलिंपिकमध्ये महिलांची पहिली मॅरेथॉनही झाली. त्यात स्वित्झर्लंडच्या गॅब्रिएला अँडरसन-शीस उन्हाने लडखडत मैदानात आल्या. तिला घाम येतोय असं पाहून डॉक्टरांनी तिला पुढे जाऊ दिलं, आणि तिने शर्यत पुरी केली. सुदैवाने ती लवकर बरी झाली. पण आज आपल्याला माहीत आहे की श्रमाने होणाऱ्या उष्माघातात घाम चालूच असू शकतो. "घाम येतोय ना, मग ठीक आहे" हा निकष धरू नये.

क्रिटेरियमची एक मोठी सोय अशी की आपली मुलगी, बहीण किंवा बायको दर दोन मिनिटांनी समोरून जाते. टाळ्या वाजवताना एवढं पाहा :

- सरळ रस्त्यावर सायकल डुलते आहे का?
- वळणाची रेषा चुकते आहे का?
- हाक मारली तर नजर वळते का?
- अंगावर काटा किंवा थंडी वाजल्याची तक्रार आहे का?

यातलं काही दिसलं तर पंचांना सांगा. थांबल्यावर ती असंबद्ध बोलत असेल, कुठे आहोत हे सांगता येत नसेल, तर तो उष्माघात समजा. ११२ किंवा ९९९ ला फोन करा आणि रुग्णवाहिकेची वाट न बघता लगेच गार करा : टबात गार पाणी असेल तर गळ्यापर्यंत बसवा आणि सतत धरून राहा, नसेल तर अंगावर पाणी ओतत वारा घाला आणि मान, काख, जांघेत बर्फ ठेवा. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी घालू नका.

थांबणं म्हणजे हरणं नाही

मधेच थांबलेल्या स्पर्धकाच्या नावापुढे निकालात "पूर्ण केली नाही" एवढंच लिहिलं जातं. पुढच्या शर्यतीला तिला कोणी अडवत नाही. आपल्याकडे मात्र "एवढ्या लांबून आलो, आता शेवटपर्यंत जा" असं ओरडायची सवय आहे. गरम दिवशी ते ओरडणं आवरावं.

सुरुवात करायची असेल तर आधी स्थानिक क्लबबरोबर घोळक्यात चालवायला शिका, मग सायकलिंग आयर्लंडचा परवाना काढा आणि पहिली शर्यत संध्याकाळची निवडा. जूनमध्ये आपल्याकडे रात्री दहापर्यंत उजेड असतो आणि संध्याकाळी ऊनही उतरलेलं असतं. हेल्मेट अर्थातच सक्तीचं.

सर्व सायकलस्वार मैत्रिणींना येत्या मोसमासाठी मनःपूर्वक शुभेच्छा!